टाकी फुल, काटा खाली

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी बघतो, कागदपत्रं उलटीपालटी करतो. पेट्रोलच्या काट्याचा विषय मात्र एका वाक्यात संपतो. "तो जरा खालीवर होतो, बाकी गाडी एकदम ओके." आणि घेणारा मान डोलावतो. मग पुढची चार वर्षं पेट्रोल अंदाजाने, किलोमीटर मोजून आणि देवावर हवाला ठेवून भरलं जातं.

चेतकच्या पिढीतल्या बहुतेक स्कूटर्सना काटाच नव्हता, आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. झाकण उघडून आत डोकवायचं, गाडी हलवून आतला डुचमळता आवाज ऐकायचा, आणि इंजिन आचके द्यायला लागलं की पायाशी हात घालून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर करायचा. रिझर्व्हसुद्धा संपलं तर स्कूटर एका बाजूला आडवी करून दोन घोट कार्बोरेटरपर्यंत पोचवायचे. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाड्यांत हा आधार गेला. त्यांना कॉक नाही, आणि पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडवलेला असतो, तिथेच तो थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली की पंप तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. शिवाय रस्तेही बदलले. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर एकही पेट्रोल पंप नाही. शिवडीला चढताना काटा काय म्हणतोय याला आता खरोखरच अर्थ आहे. म्हणून हे दुखणं अंगावर काढू नये. त्यातलं बरंचसं घरच्या घरी, एका साध्या मल्टिमीटरवर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं छोटं यंत्र) निस्तरता येतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. काटा पेट्रोल मोजत नाही, तो विजेचा प्रवाह मोजतो. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, त्याला तारेचा दांडा. पेट्रोलबरोबर फ्लोट खालीवर झाला की दांड्याच्या दुसऱ्या टोकाची बारीक पत्ती एका रेझिस्टन्सच्या, म्हणजे विजेला अडवणाऱ्या, पट्टीवरून सरकते. या सगळ्या जोडणीला दुकानात टँक युनिट म्हणतात, काही जण नुसतंच फ्लोट म्हणतात. पत्ती कुठे टेकली आहे त्यावर सर्किटमधून किती प्रवाह जाणार हे ठरतं, आणि तेवढा काटा वर जातो. फ्लोट, दांडा, पत्ती, पट्टी, कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा जोड), वायर, अर्थिंग (विजेची बॅटरीकडे परतीची वाट), मीटर अशी ही निरोपाची साखळी आहे. निरोप कुठल्याही कडीत बिघडू शकतो, आणि बदनाम होतो काटा.

जपानी धाटणीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत टाकी रिकामी असताना युनिटचा रेझिस्टन्स शंभर-सव्वाशे ओहमच्या घरात आणि भरलेली असताना पाच ओहमच्या आत असतो. म्हणजे कमी ओहम, जास्त पेट्रोल. अमेरिकन धाटणीचं एक प्रचलित माप याच्या अगदी उलटं आहे, रिकामीला शून्य आणि भरलेलीला नव्वद ओहम. युरोपीय गाड्यांत १० ते १८० ओहमचं मापही भेटतं. आपल्या गाडीचं माप कोणतं हे कळल्याशिवाय पुढचं काहीही करू नये, कारण त्यावरच लक्षणांचा अर्थ उलटतो. जपानी मापात वायर तुटली तर काटा रिकामीवर बसतो. ही मांडणी मला मनापासून आवडते. बिघाड झाला तर गाडी "पेट्रोल नाही" असंच म्हणेल, आणि चालक निदान पंपावर तरी जाईल. शून्य-नव्वदच्या मापात तीच तुटलेली वायर काटा फुलवर नेऊन ठेवते, आणि तो फुल बघत माणूस भर रस्त्यात बंद पडतो.

तपासणी नेहमी बाहेरून आत करायची. टाकीला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी.

इग्निशन चालू करून आधी मीटरमधलं बाकीचं काय चाललंय ते बघा. कारमध्ये तापमानाचा काटाही त्याच वेळी वेड्यासारखा वागत असेल तर दोष टाकीत नाही. दोघांचा फ्यूज, दोघांची अर्थिंग किंवा जुन्या गाड्यांत मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर गेलेला असतो. फक्त पेट्रोलचाच काटा बिघडला असेल तर टाकीकडे जाणारा कपलर शोधा. स्कूटरमध्ये तो सीटखाली सापडतो, कारमध्ये बहुधा मागच्या सीटच्या गादीखाली. इग्निशन बंद करून कपलर काढा, परत चालू करा. जपानी मापाच्या गाडीत काटा रिकामीवर जायला हवा. आता हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून आलेल्या वायरींच्या जुडग्याच्या, बाजूची काट्याकडे जाणारी सिग्नल वायर अर्थला टेकवली तर काटा फुलकडे चढायला हवा. ती थेट टेकवू नका. मध्ये १२ व्होल्टचा ३.४ वॅटचा छोटा बल्ब घाला, मीटरमध्ये उजेडासाठी असतो तसला. जुन्या बायमेटल मीटरमधली तापणारी तार थेट अर्थने जळू शकते. बल्ब पेटला आणि काटा चढला तर मीटर आणि वायर निर्दोष, दोष टाकीच्या बाजूला. काटा ढिम्म राहिला तर टाकी उघडायची गरजच नाही, दोष पुढे आहे. काट्याच्या काही मीटरमध्ये धक्के शोषायला सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, त्यामुळे काटा सावकाश हलतो. अर्धा मिनिट थांबा. डिजिटल मीटरमध्ये तर कंट्रोलर मुद्दामच घाई करत नाही, तिथे इग्निशन एकदा बंद-चालू करून बघावं.

लाल दिवा आणि काटा यांचं पटत नसेल तर गोंधळून जायचं कारण नाही. बऱ्याच कारमध्ये दिव्याचा सेन्सर वेगळा असतो. तो एक थर्मिस्टर. पेट्रोलमध्ये बुडालेला असताना तो थंड राहतो आणि प्रवाह अडवतो. उघडा पडला की स्वतःच्याच प्रवाहाने तापतो, वाट मोकळी करतो, आणि दिवा लागतो. फ्लोटशी त्याचा संबंध नाही. काटा अर्ध्यावर असताना दिवा पेटला तर अशा गाडीत दिव्याचं ऐकावं.

आता अर्थिंग. मुंबईत याच्यावर दोन शब्द जास्त लिहायलाच हवेत, कारण इथल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलीत सगळ्यात आधी मरते ती अर्थिंग. लोक नवीन टँक युनिट आणून बसवतात, काटा तसाच. मग मीटर बदलतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अर्थिंगच्या दोषाची खूण अगदी ठळक आहे. टाकी तोंडापर्यंत भरली तरी काटा पाऊणच्या आसपास अडतो, पण रिकामी होत आली की बरोबर रिकामी दाखवतो. कारण साधं आहे. गंजलेल्या जोडात दहा ओहम वाढले, तर रिकामीच्या ११० चे १२० होतात आणि काट्याला फरक जाणवतही नाही. पण फुलच्या ३ चे १३ होतात, म्हणजे चौपटीहून जास्त. तीच घाण, तेवढीच घाण, एका टोकाला अदृश्य आणि दुसऱ्या टोकाला पाव टाकी गायब. हे एकदा ध्यानात आलं की काटा कुठे खोटं बोलतोय यावरूनच दोष कुठे आहे ते कळायला लागतं.

खात्री करून घ्यायची रीत अशी. कपलर जोडलेला, इग्निशन चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २ च्या घरावर. एक टोक युनिटच्या अर्थ वायरच्या पिनला कपलरच्या मागून लावा, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. त्याहून बराच जास्त आला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. दुसरी रीत त्याहून सोपी आहे. दोन्ही टोकांना क्लिप असलेली लांब वायर घेऊन युनिटची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह थेट जोडा. आधी युनिटकडचं टोक, मग बॅटरीकडचं, म्हणजे ठिणगी पडलीच तर टाकीपासून लांब पडेल. काटा वर सरकला की रोग सापडला. मग बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा, अर्थचा बोल्ट काढा, वायरची गोल चकती आणि तिच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. होंडाच्या दुचाक्यांत अर्थची वायर हिरवी असते, शोधायला सोपं जातं.

कपलर उघडून बघा. तांब्या-पितळेवर चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुन्या टूथब्रशने साफ करा. जिच्यात दुसरी पिन शिरते ती पोकळ पिन सैल झाली असेल तर सुईने किंचित दाबून घट्ट करा. कळंकाबरोबर वाळलेला चिखल दिसला तर मात्र सावध व्हावं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे जोराच्या पावसात साचणारं पाणी गाडीच्या तळातून आत शिरतं आणि मागच्या सीटखालच्या कपलरपर्यंत पोचतं. अशा गाडीत काटा हा पहिला निरोप्या असतो, बाकीचे कपलरही एकेक करून उघडून बघायला हवेत. जुन्या गाडीत आणखी एक जागा बघावी. स्टिरिओ, अलार्म किंवा रिव्हर्स कॅमेरा बसवताना कोणीतरी कापून टेप गुंडाळलेले जोड. टेपचा डिंक उष्णतेने वितळतो, जोड सैल होतो, आणि खड्ड्यागणिक काटा नाचतो.

इथवर सगळं ठीक निघालं तरच टाकी.

टाकी उघडण्याबाबत मी कडक आहे, आणि तसंच राहणार. लोक विचारतात, पेट्रोलमध्ये वीज कशी चालते? बंद टाकीत चालते, कारण प्रवाह अगदी थोडा असतो आणि आतली वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असतानाच पेटते. झाकण उघडताच हवा आत जाते, वाफ बाहेर येते, आणि मिश्रण नेमकं याच पट्ट्यात येतं. म्हणजे उघडण्याचा क्षण हाच सगळ्यात धोक्याचा. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेटेल एवढी वाफ सोडतं, आपल्या इथल्या मे महिन्याचं तर बोलायलाच नको. ही वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड असते, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते आणि खोलगटात साचते. म्हणून बेसमेंट नाही, पझल पार्किंगचा खड्डा नाही, घराची गॅलरी तर मुळीच नाही. स्टिल्टमध्ये काम करणार असाल तर सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची खोली कुठे आहे ते आधी बघा. पाण्याची टाकी भरली की तो पंप आपोआप बंद होतो आणि रिकामी झाली की आपोआप सुरू होतो, आणि त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते. कोणी बटण दाबलं नाही म्हणून तिथे आग नाही असं नसतं. मोकळ्या कंपाउंडमध्ये, सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, वाऱ्याच्या दिशेला कोणी सिगारेट ओढत नाही हे पाहून काम करावं. अंगात सुती कपडे. बाजूला वाळूची बादली आणि ड्राय पावडरचा अग्निशामक. बॅटरीचा निगेटिव्ह सोडलेला.

युनिट टाकीच्या माथ्यावर असेल तर पेट्रोल अर्ध्याच्या खाली असावं. काही मोटरसायकलींत ते टाकीच्या तळाला असतं, तिथे टाकी पूर्ण रिकामी करूनच नट सैल करायचे. काढलेलं पेट्रोल झाकण असलेल्या धातूच्या कॅनमध्ये ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. घरात पोरं असतात, आणि बाटली ही बाटलीच दिसते. इंजेक्शनच्या कारमध्ये युनिट पंपाच्या जोडणीला चिकटलेलं असतं आणि पाइपात साधारण ३ बारचा दाब असतो. म्हणून बॅटरी सोडवण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मगच पाइप सोडवायचा. काही कारना सीटखाली झाकण नसतं, पूर्ण टाकी खाली उतरवावी लागते. ते काम घरचं नाही, गॅरेजला द्यावं.

युनिटभोवतीची धूळ आधी ब्रशने झाडा, नाहीतर ती टाकीत पडते. फिरवून बसणारी रिंग असेल तर लाकडी ठोकळा आणि हलकी हातोडी वापरा. लोखंडी पेचकस ठोकू नका, ठिणगीची भीती आहे. युनिट सरळ ओढू नये. दांडा लांब असतो, तो तिरपा करून, फ्लोट कडेला न आपटता, मासा गळावरून काढावा तसा हळूच वळवून बाहेर काढायचा. कोणत्या दिशेला वळवला ते लक्षात ठेवा, बसवताना उलट क्रम लागतो.

बाहेर आल्यावर, वास उडून गेल्यावर, टाकीपासून लांब जाऊन तपासा. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल शिरलं असेल तर चळचळ ऐकू येते, आणि असा फ्लोट टाकीत बुडतो, काटा कायम रिकामी. खात्रीसाठी तो गरम पाण्यात धरा, भोकातून बुडबुडे येतील. भोकावर सोल्डरचा डाग द्यायचा मोह टाळा. आत एक थेंब पेट्रोल उरलं असेल तरी तापवताना फ्लोट फुटतो. प्लॅस्टिकचा किंवा रबरी फोमचा फ्लोट भोक न पडताही वर्षांनुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो. त्याला दुरुस्ती नाही, तो बदलायचाच.

दांडा वाकला आहे का ते बघा. आधीच्या कोणी घाईत बसवताना तो टाकीतल्या आडव्या पत्र्याला घासत ठेवलेला असतो, आणि मग काटा एका जागी अडकून खड्ड्यात गाडी आपटली की सुटतो. ही खूण दिसली की दोष नक्की तोच.

मग पट्टी. मल्टिमीटर २०० ओहमवर, दोन्ही टोकं आधी एकमेकांना लावून वायरचा स्वतःचा आकडा, साधारण अर्धा ओहम, बघून घ्या आणि तो वजा करा. दांडा खालून वर अगदी संथ फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा डिस्प्लेवर जोड तुटल्याची खूण आली तर तेवढ्या जागी पट्टी झिजली आहे किंवा पत्ती टेकत नाही. इथे काट्याचा जुना मल्टिमीटर डिजिटलपेक्षा जास्त उपयोगी पडतो. क्षणभर जोड तुटला तरी ते त्यात डोळ्याला दिसतं. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून चालणाऱ्या स्कूटरमध्ये फ्लोट आयुष्यभर खालच्या पाव भागातच नाचतो, त्यामुळे तिथली पट्टी आधी बघावी. काळपट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा, हट्टी डागाला पेन्सिलचा खोडरबर. पॉलिश पेपर इथे चालत नाही, पट्टीवरचा थर माणसाच्या नखाहून पातळ असतो. झीज खोल असेल तर पत्तीचं टोक अर्धा मिलिमीटर बाजूला वळवून पट्टीच्या कोऱ्या भागावर चालवता येतं. जपून केलं तर ही युक्ती पुष्कळ दिवस पुरते. तारेच्या वेटोळ्याचं जुनं युनिट असेल आणि तारच तुटली असेल तर मात्र नवीन घ्यावं.

नवीन घ्यायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, तिथे जुन्या गाड्यांचे उतरवलेले भागही मिळतात. मल्टिमीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडवर साधा चांगला मिळेल, आणि तो आधीच घ्या, कारण तो दुकानात लागणार आहे. दिसायला तंतोतंत, भोकं जुळणारं, पण वेगळ्या ओहमचं युनिट गळ्यात पडणं ही इथली नेहमीची फसगत आहे. काउंटरवरच दांडा दोन्ही टोकांना नेऊन मोजा, जुन्याचे आकडे कागदावर लिहून न्या. दुकानदार हसला तर हसू दे.

नवीन पॅकिंग किंवा ओ-रिंग टाकी उघडण्याआधीच आणून ठेवायची. जुनी रिंग पेट्रोल पिऊन फुगते आणि बाहेर काढली की खोबणीत परत मावत नाही. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांची रबरं या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. गळती दिसली म्हणून सिलिकॉन थापू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. नट आठ नंबरच्या आखूड पान्याने, समोरासमोरचे आलटून पालटून, दोन फेऱ्यांत घट्ट करा. जास्त जोर लावला की युनिटची पातळ पत्र्याची कड लाटेसारखी वाकते, आणि मग कितीही आवळलं तरी वास येतच राहतो.

झाकायच्या आधी कपलर जोडून काटा हलतो का ते पाहायचा मोह होतो. टाकी उघडी असताना तो आवरा. युनिट बसवून, सांडलेलं पुसून, चिंध्या लांब उन्हात टाकून, अर्धा तास वारा लागू द्यावा आणि मग बॅटरी जोडावी.

काटा हलायला लागला तरी काम झालं असं समजू नये. टाकी काही चौकोनी डबा नाही, आणि दांडा वर्तुळात फिरतो, त्यामुळे काट्याचा अर्धा म्हणजे पेट्रोलचा अर्धा असेलच असं नाही. पुढच्या पाच वेळा पंपावर टाकी फुल करा. भरण्याआधी गाडी सपाट जागी, इग्निशन चालू, काटा कुठे होता ते आणि किती लिटर बसलं ते लिहून ठेवा. पुस्तिकेत दिलेल्या टाकीच्या मापातून ते लिटर वजा केले की काट्याच्या त्या जागी खरं किती होतं ते मिळतं. पाच नोंदींत गाडीचा नकाशा तयार होतो. तो कागद सीटच्या आतल्या बाजूला चिकटवावा.

आणि पहिल्यांदा टाकी फुल केलीत की त्या रात्री गाडी तशीच उभी ठेवा. फुल टाकीत पेट्रोल पॅकिंगपर्यंत पोचतं, अर्ध्या टाकीत ते कळत नाही. सकाळी चावी लावण्याआधी सीट उचला आणि वाकून वास घ्या. वास आला तर नट अजून पाव फेरा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वास.